उभ्या ट्रकवर मागून धडक बसली म्हणून दावा संपत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला समजला तसा मांडतो, कुठे चुकलं असेल तर दुरुस्त करा. दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेआठच्या सुमारास तुमचे मोठे भाऊ तुमच्या मुलाला मागे बसवून मोटारसायकलवर गेवराईहून बीडकडे निघाले होते. सोलापूर-धुळे महामार्गावर सळया भरलेला, परराज्यातल्या नंबरचा ट्रक टायर फुटून डाव्या लेनमध्येच उभा होता. मागचे दिवे बंद आणि सळया हौद्याच्या बाहेर आलेल्या. भाऊ त्यावर आदळले, बारा दिवस दवाखान्यात झुंजले आणि गेले. मुलाच्या मांडीत रॉड टाकावा लागला. गुन्हा ट्रकचालकावर दाखल आहे, पण विमा कंपनीचा तपासनीस घरी येऊन सांगून गेला की मागून धडकणाऱ्याचीच चूक धरतात, तुम्हाला काही मिळणार नाही. त्याच आठवड्यात ट्रकमालकाचा मुनीम 3 लाख रोख घेऊन आला आणि स्टॅम्प पेपरवर वहिनींची सही मागू लागला. 3 लाख घ्यावेत की कोर्टात जावं, आणि जायचं तर वकील कसा शोधावा, असं तुम्ही विचारलंय.

मी बीड आणि जालना जिल्ह्यांत मोटार अपघाताचे दावे चालवतो. काही काळ विमा कंपनीच्या पॅनलवरही होतो, त्यामुळे समोरची बाजू कशी विचार करते हे आतून पाहिलं आहे. तुमच्यापुढचा खरा प्रश्न 3 लाख घ्यायचे की नाही हा नाही. भावाच्या मृत्यूला ट्रक किती जबाबदार हे कागदावर दाखवता येईल का, आणि भाऊ घरासाठी महिन्याला किती कमवत होते हे सिद्ध करता येईल का, या दोन गोष्टींवर सगळं ठरणार आहे. दोन्हींचे पुरावे आज गावात, ठाण्यात आणि दूध डेअरीच्या वहीत आहेत. सहा महिन्यांनी त्यातले निम्मे सापडणार नाहीत.

आधी मुनिमाचं बघू, कारण तो परत येणार आहे. असले कागद मी पुष्कळ वाचले आहेत. वरच्या भागात माणुसकीच्या नात्याने मदत वगैरे लिहिलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या ओळीत हळूच येतं, ‘सदर अपघात मयताच्या स्वतःच्या चुकीमुळे झाला असून आमची ट्रकचालक व मालक यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही.’ मालकाला 3 लाखांत ही एक ओळ विकत हवी असते. उद्या विमा कंपनीचा वकील वहिनींच्या उलटतपासणीत हाच कागद समोर धरेल. कायद्याने बघायला गेलं तर मृत्यूचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1), अशा कागदाने मिटत नाही. तो आपसात तडजोड करण्याजोगा गुन्हाच नाही. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या हक्काची तडजोडही न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर बंधनकारक ठरत नाही. तरीही ती ओळ दाव्याला जखम करतेच. मालकाला खरोखर मदत करायची असेल तर त्याने वहिनींच्या बँक खात्यात पैसे टाकावेत आणि पावतीवर एवढंच असावं की नुकसानभरपाईच्या दाव्याचा हक्क राखून ही रक्कम स्वीकारली. त्याला तो तयार झाला नाही तर त्याचा हेतू तुम्हाला कळेल. कोऱ्या कागदावर किंवा वाचून न दाखवलेल्या कागदावर वहिनींची सही अथवा अंगठा होऊ देऊ नका, कागद कुणीही आणलेला असो.

आता मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा असतो. ही मर्यादा 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. त्याआधी मुदतच नव्हती, म्हणून गावात अजून लोक सांगतात, ‘क्लेम कधीही टाकता येतो, वर्षश्राद्ध झाल्यावर बघू.’ त्यांचं ऐकू नका. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर आपल्या घरचा दावा ठेवू नये. तुमच्या हातात अजून चार महिने आहेत आणि तेवढे पुरेसे आहेत. शिवाय व्याज साधारणपणे दावा दाखल झाल्याच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे लवकर दाखल करणं पैशाच्या हिशोबानेही बरं.

ट्रकमालक परराज्यातला आणि पॉलिसीही तिकडची, म्हणून तिकडे जावं लागेल अशी धास्ती तुमच्या लिहिण्यात दिसते. तसं नाही. अपघात जिथे झाला किंवा दावेदार जिथे राहतात, तिथल्या न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात, दावा चालतो. म्हणजे बीड जिल्ह्यातच. नोटीस मालकाला आणि विमा कंपनीला जाईल, हजर राहण्याची काळजी त्यांनी करायची.

‘मागून धडकणाऱ्याचीच चूक’ हे तपासनिसाचं वाक्य अर्धवट आहे. धावत्या वाहनाला मागून धडक दिली तर साधारणपणे मागच्याने अंतर ठेवलं नाही असं धरतात, हे खरं. उभ्या ट्रकचा हिशोब वेगळा. मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सांगतं की सार्वजनिक रस्त्यावर इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन उभं ठेवता येत नाही. रात्री मागचे दिवे हवेत, रिफ्लेक्टर पट्ट्या हव्यात, बंद पडलं तर मागे काही अंतरावर इशारा देणारा त्रिकोण हवा. हौद्याबाहेर येणाऱ्या मालाला तर परवानगीच नाही. कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने त्यासाठी 20,000 रुपयांचा दंड ठेवला आहे. अंधारात सळईचं टोक दिसत नाही. दुचाकीच्या दिव्याच्या उजेडात ट्रकचा मागचा फळा दिसेपर्यंत सळई छातीशी आलेली असते. तुमच्या प्रकरणात मृत्यूचं कारण सळईची जखम आहे की डोक्याचा मार, हे शवविच्छेदन अहवालात बघा. जखम छातीत किंवा गळ्यात असेल तर बाहेर आलेल्या मालाचा मुद्दा फार वजनदार होतो.

इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की निकाल परिस्थितीवर अवलंबून आहे. ट्रक पूर्ण लेनमध्ये होता की निम्मा साइडपट्टीवर, त्या जागी धाब्याचा किंवा पथदिव्याचा उजेड होता का, चालकाने मागे दगड, फांद्या लावल्या होत्या का, भावाच्या गाडीचा हेडलाइट चालू होता का, यावर न्यायाधिकरण भावाच्या बाजूला काही टक्के निष्काळजीपणा धरू शकतं. अशाच दिसणाऱ्या प्रकरणांत मी शून्य टक्केही पाहिलेत आणि निम्मेही. जितके टक्के धरले तितकी रक्कम कमी होते, दावा फेटाळला जात नाही. हेल्मेट नव्हतं एवढ्यावरून अपघात भावामुळे झाला असं ठरत नाही. मार डोक्याला असेल तर कंपनी तो मुद्दा काढेल, पण सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ट्रिपल सीट प्रकरणात स्पष्ट केलं आहे की नियम मोडला एवढं पुरत नाही, त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. आणि न्यायाधिकरणात ‘संशयापलीकडे’ सिद्ध करायचं नसतं. कुणाची बाजू अधिक संभवनीय वाटते एवढंच बघतात. उद्या फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी त्याने दावा पडत नाही.

मग पुरावा कुठला? पहिला आणि सगळ्यात मोठा पुरावा तुमचा मुलगा आहे. तो मागे बसलेला होता, दिवे बंद होते हे सांगू शकणारा तो प्रत्यक्ष साक्षीदार आहे. तो दवाखान्यात असताना पोलिसांनी त्याचा जबाब घेतला का? अनेकदा घेतलेलाच नसतो, आणि दोषारोपपत्रात फक्त दुसऱ्या दिवशी पोचलेल्या नातेवाइकांचे ऐकीव जबाब असतात. घेतला नसेल तर तपास अंमलदाराला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याचा जबाब नोंदवून घ्या. त्याने जे पाहिलं तेवढंच सांगायचं. वेग किती होता हे त्याला माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.

दुसरं, घटनास्थळ पंचनामा. त्याची प्रत काढा आणि रस्त्याची रुंदी, ट्रक कडेपासून किती फुटांवर उभा होता, टायरची अवस्था, काचांचे तुकडे कुठे पडले होते, एवढं वाचा. पंचनाम्यात दिव्यांबद्दल चकार शब्द नसतो, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. तिथे मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल आणि पोलिसांनी काढलेले फोटो कामाला येतात. त्या रात्री गावातल्या पोरांनी मोबाइलवर काढलेले फोटो आणि व्हिडिओही शोधा. ते मूळ फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेल्या प्रतीत मूळ तारीख-वेळ राहत नाही. 108 रुग्णवाहिकेच्या नोंदीत कॉलची वेळ असते, ती घटनेची वेळ पक्की करते. ट्रक जालन्याकडून वाडीगोद्रीमार्गे आला असेल तर पाडळशिंगीच्या टोल नाक्यावर त्याची फास्टॅग नोंद असणार. कॅमेऱ्याचं चित्रण काही आठवड्यांनी पुसलं जातं, ते आता मिळेलच असं नाही, तरी तपास अंमलदारामार्फत मागून बघा. ट्रक नाक्यावरून किती वाजता सुटला आणि अपघात किती वाजता झाला, यावरून तो रस्त्यात किती वेळ उभा होता हे काढता येतं. अर्धा-पाऊण तास उभा असेल तर चालकाला त्रिकोण लावायला, निदान इशारा द्यायला भरपूर वेळ होता. मालाची बिल्टी आणि वजनकाट्याची पावतीही मागा, माल जादा भरला होता का ते त्यातून कळतं.

हे सगळं पोलिसांनीच गोळा करून न्यायाधिकरणाकडे पाठवायचं आहे. 2022 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिला अपघात अहवाल 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत जायला हवा, आणि त्यात तुमच्याकडून कुटुंबाच्या माहितीचा नमुनाही भरून घ्यायला हवा. हा नमुना तुमच्याकडून भरून घेतला नसेल तर ठाण्यात जाऊन विचारा. काही ठाण्यांत हे काम चोख होतं, काही ठिकाणी अंमलदारावर इतकी कामं असतात की मागे लागल्याशिवाय कागद हलत नाही. नम्रपणे, पण लेखी मागा. कायद्यात पोलिसांचा अहवालच दावा म्हणून धरण्याची सोय आहे, तरी माझं मत असं की स्वतःचा अर्ज स्वतंत्र दाखल करावा.

विम्याबद्दल थोडक्यात. ट्रकचा नंबर परिवहनच्या अ‍ॅपवर टाकून पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती का ते आजच बघा. चालू असेल तर तुमच्या भावासारख्या त्रयस्थाच्या मृत्यूसाठी कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. चालकाकडे जड वाहनाचा परवाना नव्हता, फिटनेस संपलेलं होतं, परमिट नव्हतं, असे बचाव कंपनी घेईल. तुम्ही घाबरू नका. अशा बहुतेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला लावतं आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगतं. पॉलिसीच नसेल तर मात्र सगळा भार मालकावर येतो. तेव्हा ट्रक सोडवून नेण्याआधी त्याच्याकडून तारण घ्यावं म्हणून फौजदारी न्यायालयात हरकत घ्यावी लागते, आणि तिथे एक-एक दिवस मोलाचा असतो. इथे एक गोष्ट आपल्या भागासाठी सांगून ठेवतो. ऊसतोडीच्या किंवा मालाच्या ट्रकमध्ये बसून जाणाऱ्या मजुरांचा प्रश्न असा सोपा नाही. फुकट किंवा भाडं देऊन मालट्रकमध्ये बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, म्हणून तो माणूस मालकाचा कामगार होता की नुसता प्रवासी, यावरच दावा ठरतो. तसं प्रकरण असेल तर वेगळा सल्ला घ्यावा.

कंपनीकडून कदाचित तुम्हाला 5 लाखांचा प्रस्ताव येईल. कलम 164 मध्ये कुणाची चूक हे न बघता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. ही तरतूद चांगली आहे, ज्यांच्याकडे चुकीचा काहीच पुरावा नाही त्यांच्यासाठी ती आधार आहे. पण ती रक्कम स्वीकारली की कलम 166 खालचा मोठा दावा संपतो. तुमच्याकडे प्रत्यक्ष साक्षीदार आहे, गुन्हा ट्रकचालकावर आहे. मी तुमच्या जागी असतो तर ती घाईने घेतली नसती.

आता कमाई. बहुतेक कुटुंबांचं नुकसान इथेच होतं. भाऊ तीन एकर कोरडवाहू करत, दोन म्हशी आणि तीन गायींचं दूध डेअरीला घालत, हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जात, असं तुम्ही लिहिलंय. लोक वकिलाकडे येताना काय आणतात? सातबारा. आणि उत्पन्नाचा दाखला म्हणून तलाठ्याने लिहिलेला वार्षिक 40 हजारांचा आकडा, जो शिष्यवृत्तीसाठी काढलेला असतो. सातबाऱ्याने जमीन होती हे कळतं, पण न्यायालय म्हणतं, जमीन तर अजून कुटुंबाकडेच आहे, पीक येतंच आहे. बरोबर आहे ते. गेली ती जमीन कसणाऱ्याची मेहनत आणि देखरेख, आणि तिची किंमत दाखवावी लागते. आता ती तीन एकर बटईने दिली आहे का? दिली असेल तर बटईदाराला साक्षीला आणा. पूर्वी सगळं पीक घरात यायचं, आता निम्मं येतं, हा फरक म्हणजे भावाच्या श्रमाचं मोल. आडतीवरच्या कापसाच्या आणि सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या, पीक कर्जाचा उतारा, पीक विम्याची नोंद, हे सोबत जोडा.

दुधाचा पुरावा तर याहून सरस असतो, कारण तो रोजचा असतो. संकलन केंद्राच्या पावतीवर तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर छापलेला असतो, खातेदाराचा नंबर असतो. दहा दिवसांचं बिल बँकेत जमा होतं. भावाच्या नंबरवरच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींचा उतारा डेअरीच्या सचिवाच्या सहीशिक्क्याने काढा आणि सचिवांना साक्षीला येण्याची विनंती करा. नुसती झेरॉक्स जोडून भागत नाही, ती नोंद ठेवणारा माणूस उभा राहिला की उलटतपासणीत फार काही उरत नाही. पेंड, चारा, डॉक्टर यांचा खर्च वजा करूनच आकडा सांगा. एकूण बिल हीच कमाई म्हणून सांगितलं की न्यायाधीशांचा विश्वास उडतो आणि मग खऱ्या आकड्यावरही शंका येते. भाऊ गेल्यावर जनावरं विकली असतील तर बाजार समितीची पावती जपून ठेवा. धंदा त्यांच्या अंगमेहनतीवर उभा होता, त्यांच्यासोबत बंद पडला, हे त्यातून दिसतं. आणि कृपा करून कुणाच्या सांगण्यावरून खोटा पगारपत्रक किंवा ‘चालक म्हणून 25 हजार देत होतो’ असा बनावट दाखला जोडू नका. तो उघडा पडला की सगळा दावा संशयात जातो.

आकडेमोड करून दाखवतो, म्हणजे कागदाची किंमत कळेल. समजा दूध, शेती आणि ट्रॅक्टर मिळून खर्च वजा जाता महिना 18,000 सिद्ध झाले. स्वयंरोजगार करणारा माणूस चाळिशीच्या आत असेल तर भविष्यातल्या वाढीसाठी 40 टक्के मिळवतात, म्हणजे 25,200. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या प्रणय सेठी निकालात घालून दिला. वहिनी, दोन मुलं आणि आई असे चार जण अवलंबून, म्हणून भावाच्या स्वतःच्या खर्चासाठी चौथा हिस्सा वजा. राहिले 18,900. वर्षाचे 2,26,800. वय 36 ते 40 असेल तर 2009 च्या सरला वर्मा निकालातला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ज्याने गुणायचं तो आकडा, 15. झाले 34,02,000. त्यावर सहवासाच्या हानीसाठी प्रत्येकी 48,400 प्रमाणे चौघांचे 1,93,600, अंत्यविधी आणि मालमत्तेच्या हानीचे मिळून 36,300. एकूण 36,31,900, शिवाय बारा दिवसांच्या दवाखान्याची बिलं आणि व्याज. भावाची 25 टक्के चूक धरली तरी सुमारे 27 लाख. आता हेच कागद नसतील आणि न्यायाधिकरणाने अंदाजे महिना 10,000 धरले, तर 34 लाखांच्या जागी 18,90,000 होतात. पंधरा लाखांचा फरक डेअरीच्या उताऱ्याने पडतो.

वयाचंही तसंच. भावाच्या टीसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, 38 आणि आधारवर 41 आहे असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे गावोगाव आधारवर 1 जानेवारी अशी जन्मतारीख टाकलेली दिसते, त्यातलाच हा प्रकार असावा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये सांगितलं आहे. 41 धरलं तर वाढ 40 ऐवजी 25 टक्के होते आणि गुणक 15 ऐवजी 14. वरच्याच उदाहरणात 34,02,000 चे 28,35,000 होतात. म्हणून शाळेत जाऊन प्रवेश निर्गम उतारा काढून ठेवा.

दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, पण त्या सुटू नयेत. मोटारसायकल भावाच्याच नावावर होती का आणि त्यांच्याकडे दुचाकीचा परवाना होता का? असेल तर त्यांच्या स्वतःच्या पॉलिसीत ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ हा हप्ता भरलेला आहे का बघा. असेल तर 15 लाखांचं संरक्षण आहे आणि ते ट्रकच्या दाव्यापासून पूर्ण वेगळं आहे. चूक कुणाची हा प्रश्न तिथे येत नाही. कंपनीला लगेच लेखी कळवा. हा हप्ता भरलेला असूनही मागणीच न केलेली कुटुंबं मला दर वर्षी भेटतात. दुसरं, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी 2 लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो आणि मुदत छोटी असते, म्हणून उद्याच जाऊन या. बँकेतून वर्षाला 20 रुपये कापले जात असतील तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे 2 लाखही आहेत, पासबुक तपासा.

तुम्ही दीर आहात आणि धावपळ तुम्हीच करताय, म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. दाव्यात पहिलं नाव वहिनींचं असावं, मग मुलं, मग आई. वहिनींच्या एकटीच्या नावाचं बँक खाते उघडा, आईच्या किंवा तुमच्या सोबतचं जोडखाते नको. न्यायाधिकरण मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत टाकतं, वहिनींचाही काही भाग ठेवीत ठेवायला सांगतं. कधी घरच्यांना त्याचा राग येतो, पण पहिल्या वर्षी रक्कम घरखर्चात आणि उसनवारीत विरघळून गेलेली मी पाहिली आहे. वहिनींनी पुढे दुसरं लग्न केलं तर त्यांचा हक्क जाईल असं कुणी त्यांना सांगत असेल, तर ते खरं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ते नाकारलं आहे.

वकील शोधताना नियमित अपघात दावे चालवणारा, बीडच्या किंवा तुमच्या जवळच्या न्यायालयात रोज उभा राहणारा बघा. मोठ्या शहराचं नाव असणं इथे उपयोगाचं नसतं, कारण साक्षी इथे होणार आहेत. अपील करायची वेळ आली तर ती उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते, तेव्हा तिथला वकील लागेल. पहिल्या भेटीत विचारा की उभ्या वाहनाची किती प्रकरणं केली आणि डेअरीच्या सचिवाला साक्षीला बोलावणार का. उत्तर देताना तो तुमचे कागद वाचतो की नुसता आकडा सांगतो, ते बघा. ‘50 लाख काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. मिळालेल्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, आणि दवाखान्यातून तुमच्यापर्यंत आलेला मध्यस्थ तर दलालच. फी किती, कोणत्या टप्प्यावर, खर्च वेगळा की धरून, हे आधीच लिहून घ्या. फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात वहिनींनी अर्ज करावा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनीवर 15100 हा क्रमांक आहे. पुढे लोकअदालतीत तडजोडीची वेळ येऊ शकते. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून वरची आकडेमोड हातात घेऊनच तिथे बसा. थोडं कमी घेऊन दोन-तीन वर्षं वाचत असतील तर तडजोड वाईट नसते. मुलं लहान आहेत, हे मीही विचारात घेतलं असतं.

शेवटी तुमच्या मुलाचं, कारण या सगळ्यात तो मागे पडतोय. त्याचा दावा स्वतंत्र आहे आणि त्यालाही तीच सहा महिन्यांची मुदत आहे. गाडी तो चालवत नव्हता, त्यामुळे काकांची काही चूक धरली तरी त्याच्या रकमेतून ती कापता येत नाही. दोन वाहनांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली तर तो कोणत्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ठरवलं आहे. अपंगत्वाचा दाखला उपचार पूर्ण झाल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून मिळतो, त्यासाठी दावा अडवून ठेवू नका. आधी दाखल करा, दाखला नंतर जोडता येतो. तो आयटीआयला फिटरचा कोर्स करतोय असं तुम्ही लिहिलंय. फिटरला दिवसभर उभं राहावं लागतं, वाकावं लागतं, वजन उचलावं लागतं. दाखल्यावर पायाचं अपंगत्व 20 टक्के लिहिलं असलं तरी त्याच्या कामाच्या दृष्टीने नुकसान त्याहून जास्त असू शकतं, आणि न्यायाधिकरणाला ते धरता येतं. त्यासाठी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागेल. रॉड काढायचं दुसरं ऑपरेशन पुढे होणार असेल तर त्याच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांच्या लेटरहेडवर आत्ताच लिहून घ्या, आणि एक्स-रेच्या फिल्म घरात उन्हात, दमटपणात पडू देऊ नका. मूळ बिलं कंपनीच्या तपासनिसाच्या हातात देऊ नका, त्याला झेरॉक्स द्या.